आजचा दिवस राहू द्या : अजरखपूरच्या एका कारखान्यात

गेल्या वर्षी भाचीचा निकाह ठरला तेव्हा घरातल्या बायकांसाठी दुपट्टे आणायचं काम आमच्याकडे आलं. सध्या जिकडे-तिकडे अजरखचीच चलती आहे. आम्हीही बाजारातून साडेतीनशेला एक या भावाने बारा अजरख दुपट्टे आणले आणि स्वस्तात काम झालं म्हणून खूश झालो. पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी लाल झालं. दुसऱ्या धुण्यात निळा रंग राखाडी झाला. अम्मींनी तो दुपट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हा अजरख नव्हे रे. माझ्या अब्बांच्या खांद्यावर असायचा तो अजरख. कुणीतरी भुजहून आणून दिला होता. शेवटी कापड फाटलं, पण रंग हटला नाही."

अम्मींचं ते वाक्य डोक्यात राहिलं. डिसेंबरात लेकीच्या कॉलेजला सुट्टी लागली तेव्हा आम्ही तिघं मुंबईहून गाडीने भुजला गेलो. तिथून पूर्वेला साधारण पंधरा किलोमीटरवर एक छोटं गाव आहे. गावाचं नावच अजरखपूर. तिथल्या एका खत्री कुटुंबाच्या कारखान्यात आम्ही दोन दिवस काढले. ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू. आपलं नाव छापून यावं अशी त्यांची इच्छा नाही.

कारखाना म्हणजे काय?

कारखाना म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर यंत्रं आली होती. प्रत्यक्षात पाहिलं ते एक लांबट, पत्र्याचं छप्पर असलेलं, दोन बाजूंनी मोकळं ठिकाण. मध्ये गोणपाटाचे थर आणि जाड कापड ताणून बसवलेली लांब टेबलं. पूर्वी कारागीर जमिनीवर बसून बुटक्या पाटावर छापत असत. आता बरेच जण उभं राहून छापतात. भिंतीला लागून फळ्या आणि त्यांवर सागवानी ठसे रचलेले, काही इतके जुने की त्यांची मूठ हाताच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. बाहेर सिमेंटचे हौद. एका कोपऱ्यात लाकडांच्या चुलीवर तांब्याची मोठी पातेली. पलीकडे जमिनीत पुरलेले निळीचे हौद, झाकण घालून ठेवलेले. आणि त्यापुढे नुसतं मोकळं मैदान.

लेकीने विचारलं, "चाचा, एवढी जागा रिकामी कशाला ठेवली?"

चाचा हसले. "बेटा, तीच तर सगळ्यात महत्त्वाची जागा. कापड तिथे उन्हात पसरतं. कारखाना मी चालवत नाही, ऊन चालवतं. मी त्याच्या हाताखाली काम करतो."

त्यांचा दिवस फजरच्या नमाजनंतर सुरू होतो. आधी आकाशाकडे पाहायचं, मग वारा कुठून आहे ते पाहायचं आणि त्यानंतरच त्या दिवशी कोणतं काम हाती घ्यायचं ते ठरतं. ढग असतील तर धुलाई आणि ठशांची साफसफाई. ऊन कडक असेल तर हिरड्याचं काम. पावसाळ्यात छपाई जवळजवळ थांबते, कारण ओल्या हवेत ठशाचा लेप सुकत नाही आणि निळी नीट धरत नाही. तेव्हा हिशेब, नवे नमुने आणि जुन्या ठशांची डागडुजी. नवे ठसे गांधीनगरजवळच्या पेथापूर गावातून येतात. तिथले सुतार पिढ्यान्‌पिढ्या छपाईचे ठसे कोरत आले आहेत.

हिरडा, गूळ, चिंचोका

रंग कुठून येतात हे विचारलं तेव्हा चाचांनी आम्हाला कोठीत नेलं. दार उघडलं आणि आम्ही चकित झालो. ती रंगाची कोठी कमी आणि किराणा मालाचं दुकान जास्त वाटत होती. पोत्यांत हिरडा, ढेपांत गूळ, चिंचोक्याची पूड, तुरटीचे खडे, चुना, डिंक, एरंडेल तेल. एका पिंपात भंगारातलं लोखंड गुळाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं आणि त्यावर फेस आलेला.

हिरडा आपल्या ओळखीचाच. जुन्नर-भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी बांधव गोळा करतात तोच. चिंचोक्याची खळ आपल्याकडे घोंगडी विणणारे वापरतात. निळीचं आंबवण तयार करायला टाकळ्याच्या बिया लागतात, ज्याची भाजी आपण पहिल्या पावसात खातो. आम्ही हे सांगितल्यावर चाचांना फार मौज वाटली. "म्हणजे तुमच्या घरी सगळं आहे," ते म्हणाले, "फक्त सब्र आणायचा."

सब्र का, ते दोन दिवसांत कळलं. कोरं कापड आधी धुऊन एरंडेल तेल आणि खाराच्या मिश्रणात भिजवतात. पूर्वी त्यात उंटाचं शेणही घालत. रात्रभर ठेवायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं, असं अनेकदा. कापड चोळल्यावर फेस यायला लागला की ते तयार झालं असं समजायचं. मग ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. कापड पिवळसर होतं आणि उन्हात सुकतं.

आता ठशाचं काम. पहिला ठसा रेखेचा. चुना आणि डिंक यांच्या लेपाने कापडावर बारीक रेषा उमटतात. जिथे हा लेप बसला तिथे पुढचा कोणताही रंग चढत नाही, म्हणून शेवटी त्या रेषा पांढऱ्या राहतात. दुसरा ठसा काळ्याचा. पिंपातलं ते लोखंडाचं पाणी साधारण वीस दिवस मुरल्यावर चिंचोक्याच्या पुडीबरोबर शिजवून घट्ट करतात. हा करडा चिकट लेप हिरड्याच्या कापडाला लागला की पाहता पाहता काळा होतो. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो; जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत.

तिसरा लेप तुरटी, माती आणि डिंकाचा. जिथे लाल हवा आहे तिथे तो छापतात आणि ओला असतानाच वरून लाकडाचा भुसा भुरभुरतात, म्हणजे तो पुसला जात नाही. मग कापड निळीच्या हौदात जातं. ते बाहेर येताना हिरवट असतं. हवा लागली की आमच्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं. लेक तर त्या हौदापासून हलायलाच तयार नव्हती. निळीनंतर कापड धुतात, सारे लेप निघून जातात आणि शेवटी ते मंजिष्ठाच्या किंवा अलिझरीनच्या उकळत्या रंगात घालतात. जिथे तुरटी मुरली आहे तिथेच लाल चढतो. म्हणजे छापताना लाल कुठेच दिसत नाही. कारागिराला तो आधीपासून मनात ठेवावा लागतो.

हे सारं मिळून चौदा ते सोळा पायऱ्या. काही कापडांवर खोल निळ्यासाठी लेप आणि निळीचं काम पुन्हा एकदा करतात, त्याला मीनाकारी म्हणतात. एका बाजूने छापलेला तो एकपुरी, दोन्ही बाजूंनी छापलेला तो बीपुरी. बीपुरीत एका बाजूच्या रेषेमागे नेमकी दुसऱ्या बाजूची रेष यावी लागते, कापडाच्या आरपार.

आमच्या लेकीने तिथेच हिशेब केला. ठसा साधारण चार इंचांचा. अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद दुपट्ट्यावर एका बाजूला सुमारे अडीचशे ठोके. दोन्ही बाजू मिळून पाचशे. रेख, काळा आणि तुरटी असे तीन थर धरले तर दीड हजार. ती गप्प झाली. आम्हीही.

चाचांच्या सवयी

चाचांच्या कामाच्या काही सवयी आम्हाला फार आवडल्या. छापायला उभे राहण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुतात आणि बिस्मिल्लाह म्हणून पहिला ठसा उचलतात. मोबाइल बाहेर, खुंटीवरच्या पिशवीत. ठसा रंगाच्या गादीवर दोनदा टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि तळहाताच्या खालच्या भागाने त्याच्या पाठीवर एक ठोका. आवाजावरून त्यांना कळतं की लेप नीट बसला की नाही. शेजारच्या टेबलावर पुतण्या छापत होता. त्याच्याकडे न पाहताच चाचा म्हणाले, "गादी सुकली तुझी." ती खरंच सुकली होती.

त्यांच्या टेबलामागे खिळ्याला कापडाच्या तुकड्यांचा एक जाड गठ्ठा टांगलेला आहे. फसलेलं प्रत्येक काम त्यात जातं. कुठे लाल तपकिरी झालेला, कुठे रेष फुटलेली. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. "चांगलं काम विकलं जातं," ते म्हणाले, "मुलांना शिकवायला फसलेलंच उरतं."

आणखी एक सवय. कोणत्याही पायरीनंतर कापड लगेच पुढे न्यायचं नाही, एक दिवस राहू द्यायचं. अजरख हा शब्द निळ्या रंगासाठी असलेल्या अरबी 'अजरक'वरून आला असं जाणकार सांगतात. पण इथल्या कारागिरांमध्ये दुसरीच व्युत्पत्ती प्रिय आहे : 'आज रख', आजचा दिवस राहू दे. भाषाशास्त्राला हे पटणार नाही. त्या मैदानात उभं राहिल्यावर आम्हाला मात्र पटलं.

पाण्यासाठी वसलेलं गाव

ही माणसं मूळची धमडका गावची. सिंधमधून आलेल्या आपल्या पूर्वजांना कच्छच्या राव भारमल यांनी बोलावून घेतलं आणि वाहत्या नदीकाठी जागा दिली, असं त्यांच्या घराण्यांत सांगतात. कच्छचे मुस्लिम मालधारी, म्हणजे गुरं राखणारे समाज, त्यांचे पिढीजात गिऱ्हाईक. अजरखची लुंगी, अजरखचा साफा, खांद्यावर अजरख, बाळाची झोळीही त्याचीच. पुढे जर्मनीत १८६९च्या सुमारास कृत्रिम अलिझरीन आणि १८९७ मध्ये कारखान्यातली निळी बाजारात आली. स्वस्त रंग आणि नंतर स्वस्त छापील कापड आलं तसं जुनं काम मागे पडलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धमडक्याच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी झाडापानांच्या रंगांची विद्या पुन्हा उभी केली आणि अब्दुल रज्जाक, इस्माईल व अब्दुल जब्बार या आपल्या मुलांना दिली. त्यांपैकी इस्माईल खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर शहरातील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

नदी आटत गेली होतीच. मग २६ जानेवारी २००१ ची सकाळ आली. भूकंपात धमडका जमीनदोस्त झालं. साऱ्या कच्छ भागात हजारो माणसं गेली. चाचा त्या दिवसाबद्दल फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "घर पुन्हा बांधता येतं. कबरींवर फातिहा पढता येतो. पण पाणी बदललं, त्याचं काय करायचं?"

भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं होतं. तुमच्या-आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट. पण हिरड्याच्या कापडाला लोखंड लागलं की ते काळवंडतं, हे आपण वर पाहिलंच. जो काळा ठशातून हवा, तो पाण्यातून सगळ्या कापडावर पसरू लागला तर लाल मळतो आणि पांढरी रेष पांढरी राहत नाही. चाचांनी आम्हाला ते करूनच दाखवलं. एका पेल्यात आपल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात बाहेरून मुद्दाम आणून ठेवलेलं पाणी; दोन्हींत चिमूटभर हिरडापूड. पहिलं पिवळसर झालं. दुसरं काही वेळात करडं पडलं. आम्हाला कोकणातलं आमचं आजोळ आठवलं. तिथे एका बोअरच्या पाण्याचा चहा नेहमी काळपट व्हायचा आणि मामी चहापत्तीला दोष द्यायच्या.

म्हणून ही कुटुंबं पाणी शोधत निघाली आणि जिथे चांगलं पाणी मिळालं तिथे त्यांनी जमीन घेऊन नवं गाव वसवलं. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली आणि तिथेही काम चालू आहे. पोटासाठी गाव सोडलेले लोक आपण पुष्कळ पाहतो. लाल रंग लाल यावा म्हणून गाव सोडलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. विहिरीकडे बोट दाखवत पुतण्या म्हणाला की पाण्याची पातळी दरसाल खाली जाते आणि बोअर आणखी खोल न्यावी लागते. अजरखला पाणी भरपूर लागतं, कच्छमध्ये पाऊस बेभरवशाचा. "पुन्हा गाव सोडावं लागलं तर?" आम्ही विचारलं. चाचांनी हातातला ठसा पुसत उत्तर दिलं, "अल्लाह मालिक आहे. पण पाणी उधळायचं आणि मग अल्लाहला जबाबदार धरायचं, हे बरोबर नाही." धुलाईचं पहिलं घाण पाणी आणि शेवटचं बरंचसं स्वच्छ पाणी ते वेगळं ठेवतात, शेवटचं दुसऱ्या दिवशी पहिल्या धुलाईला येतं.

चाचींचा कोपरा

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आत गेलो तेव्हा आणखी एक कामाची जागा दिसली. खिडकीशी चटई, उशीएवढी गादी आणि चाचींच्या मांडीवर रेशमी कापड. खत्री घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बांधणीचं काम करतात. कापडाची दाण्याएवढी चिमूट उचलायची, दोऱ्याचे वेढे घालायचे, पुढची चिमूट. बोलता बोलता, पोळ्या होईपर्यंत, नातवाला झोपवताना, त्यांचं काम चालूच.

आमच्या लेकीने तिच्या वयाला शोभेल असं सरळ विचारलं, "चाची, तुम्ही कधी ठसा का नाही मारला?"

चाचींनी दोरा तोडला. "आमच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही." मग आतल्या खोलीकडे पाहून म्हणाल्या, "ही विचारते." आत त्यांची बारावीतली नात कागदावर नक्षी काढत होती. चौकोनाचा एक चतुर्थांश भाग ती काढते आणि आरसा धरून चारी बाजूंनी जुळतो का ते पाहते. तिला डिझाइन शिकायचं आहे. कच्छमध्ये कारागिरांसाठीच सुरू झालेल्या अशा शाळा आहेत. त्यांपैकी आदिपूरची सोमैया कला विद्या २०१४ पासून चालते. घरात अजून एकमत नाही. चाचा म्हणतात शिकू दे, तिच्या अब्बांना वाटतं आधी बारावी तर होऊ दे. आम्ही निघालो तोवर काहीच ठरलं नव्हतं. पण निघताना पाहिलं, तिचा तो कागद चाचांनी आपल्या टेबलापाशी, फसलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्याशेजारी टाचून ठेवला होता.

भावाची गोष्ट

आता आमच्या लाजेची गोष्ट सांगतो. पहिल्या दिवशी, काम पाहण्याआधी, आम्ही एका बीपुरी दुपट्ट्याची किंमत विचारली होती आणि सवयीने लगेच म्हणालो होतो, "चाचा, हे तर फार होतंय. बाजारात साडेतीनशेला मिळतो." चाचा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "दोन दिवस राहणार आहात ना? मग जाताना बोलू."

जाताना आम्ही भाव विचारला नाही. बारा घेण्याची ऐपत नव्हती, दोनच घेतले. एक भाचीसाठी, एक अम्मींसाठी. पैसे हातात देताना चाचांनी त्यांतले थोडे परत केले. आम्ही नको म्हणालो तर म्हणाले, "ही सूट नाही. ही लग्नाची दुआ आहे."

यंत्राच्या छपाईला आमचा विरोध नाही. सगळ्यांनाच महाग कपडा परवडत नाही आणि स्वस्त कपडा घेणं गुन्हा नाही. पण छापील कापड हाताचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे आणि त्यात गिऱ्हाईक व कारागीर दोघांचाही हक्क मारला जातो. कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा आपण दुकानात दोन प्रश्न विचारू.

घेताना आणि वापरताना

वाचक भगिनींसाठी चाचांकडून विचारून घेतलेल्या काही गोष्टी :

कापड उलटं करून पाहा. बीपुरी असेल तर नक्षी दोन्हीकडे सारखीच स्पष्ट दिसते. एकपुरीतही निळा आणि लाल मागपर्यंत मुरलेले असतात. मागची बाजू फिक्कट आणि पांढरट असेल तर शंका घ्या.

ठशांचे सांधे शोधा. हाताच्या कामात कुठेतरी रेष केसभर सरकलेली असते. दहा मीटरमध्ये एकही फरक नसेल तर तो हात नाही, यंत्र आहे.

निळीच्या नव्या कापडातून सुरुवातीला थोडी निळी सुटू शकते, त्यामुळे पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा. थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. भिजत घालून ठेवू नका आणि ब्लीच तर मुळीच नको.

दुकानदाराला विचारा : कुठल्या गावचा, आणि रंग कोणते? खरा माल विकणाऱ्याला हे प्रश्न आवडतात.

घरी आल्यावर दुपट्टा अम्मींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, कापड उलटं केलं, सुलटं केलं, नाकाजवळ नेलं. मग काही न बोलता तो खांद्यावर घेतला, बायका घेतात तसा नव्हे, त्यांचे अब्बा घ्यायचे तसा, एका खांद्यावरून मागे सोडून. मगरिबची अजान झाली तरी तो तसाच होता.

अल्लाह त्या गावाच्या विहिरींत पाणी आणि त्या हातांत बरकत ठेवो. आमीन.